मारुती जिमनीला आधी २ इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) करावी की टायर बदलावेत? (वापर: वाळपई ते पणजी रोज, सुट्टीत सत्तरीतले कच्चे रस्ते)

आधी टायर. मूळ माप १९५/८० आर १५ आहे. २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर घातले तर व्यास जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो, लिफ्टची गरज पडत नाही. जिमनीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे अखंड दांडे) आहेत, त्यामुळे लिफ्टने बॉडी वर जाते, डिफरन्शियल (ॲक्सलवरचा, खाली लोंबणारा गिअरचा गोळा) मात्र तिथंच राहतं! ते उचलतो फक्त टायर, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मंच.

पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलात मड-टेरेन (खोल खाचांचे, खास चिखलासाठीचे टायर) उत्तम, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. रोज पणजी गाठायची असेल तर मी ते मुळीच घेणार नाही. पुढे लिफ्ट केलीतच, तर कॅस्टरही (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा पुढे-मागे कल) नीट करून घ्या, नाहीतर वेगात स्टिअरिंग भरकटतं.