फाट्यावरचे अपघात काहून होतात अन् त्याचा खर्च कोण भरते

भाऊ, तुम्ही विचारलं की गावच्या फाट्यावर हायवेला सारखे अपघात होऊन राहिले, ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, तर राज्यात एवढे अपघात काहून होतात अन् खर्च किती पडतो ते कोणीतरी आकड्यात सांगा. मी जिल्हा कोर्टात मोटार अपघात क्लेमचे कागद तयार करायचं काम करतो, यवतमाळ-वर्ध्याकडच्या बऱ्याच केसेस हातातून गेल्या, म्हणून त्या बाजूनं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी राज्याचा आकडा पाहा. 2022 मध्ये महाराष्ट्रात 33,383 अपघात नोंदले गेले अन् 15,224 माणसं गेली. त्याच वर्षी केरळात अपघात 43,910, म्हणजे आपल्याहून दहा हजारांनी जास्त, पण मेलेले 4,317. आपल्याकडं दोन अपघात झाले की जवळपास एक मुडदा, तिकडं दहामागं एक. तिकडं चांगला दवाखाना लवकर भेटते हे तर आहेच, पण माझं मत असं की तिकडं पाय मोडला तरी नोंद होते. आपल्याकडं पाय मोडला तर टपरीवर बैठक बसते, पिकअपवाला थोडेफार पैसे काढून देतो, "पोलिसाच्या लफड्यात कोण पडते बावा" म्हणून तिथंच मिटते, अन् माणूस मेला तरच कागद होतो.

आता हे मिटवणं तुमच्या ठरावाला कसं नडते ते सांगतो. सरकारच्या लेखी ब्लॅक स्पॉट म्हणजे साधारण 500 मीटरचा पट्टा, जिथं मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले 5 अपघात झाले, नाहीतर 10 मृत्यू झाले. हे सगळं पोलिसांच्या नोंदीवरून ठरते. तुमच्या फाट्यावर पोरांचे हातपाय किती का मोडेनात, बैठकीत मिटलेले अपघात यादीत येत नाहीत, मग ना लाईट लागत, ना रम्बलर (स्पीड कमी करणारे उंच पट्टे) पडत, ना धोक्याचा कट (दुभाजकातली वळायची मोकळी जागा) बंद होत. साहेब म्हणणार, रेकॉर्डवर तर काहीच नाही.

कारणांचंही तसंच. सरकारी रिपोर्ट उघडला तर देशात 2022 च्या मृत्यूंपैकी 71 टक्के "ओव्हर स्पीड"च्या खात्यावर आहेत. खोटं नाही ते, सरासरी स्पीड 1 टक्का वाढला की जीव जाणाऱ्या अपघाताचा धोका 4 टक्क्यांनी वाढते असं डब्ल्यूएचओ सांगते. पण मी जे स्थळ पंचनामे वाचतो त्यात "भरधाव व हयगयीने" एवढं लिहिलं की हवालदाराचं काम संपलं, पुढचं कोणी लिहीतच नाही. कापसाच्या सीझनमध्ये रात्री ट्रॉली जिनिंगवर चालली, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, गठ्ठे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, अन् मागून ऐंशीनं आलेला मोटरसायकलवाला डायरेक्ट आत घुसला, तर पंचनाम्यात भरधाव कोण? मेलेला. ढाब्यासमोर अर्धा रस्त्यावर उभा केलेला ट्रक, त्याचंही तेच. वणी-घुग्गूसकडं कोळशाची धूळ अशी की पुढचं वाहन दिसतच नाही. रात्री रोही (नीलगाय) नाहीतर रानडुकराचा कळप आडवा आला अन् गाडी शेतात गेली, त्यात तर समोरची पार्टीच नाही. शिवाय रस्ता चार पदरी सिमेंटचा झाला अन् आपलं वावर पलीकडं राहिलं, कट दोन किलोमीटरवर, मग माणूस बंडी घेऊन राँग साईडनंच येणार ना! डिझाईन करणाऱ्याला ते वावर दिसलंच नव्हतं. समृद्धीवर 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ बस जळून 25 लोक गेले तेव्हा देशभर बातमी झाली, व्हायलाच पाहिजे होती, पण फाट्यावर एकेक करून जाणाऱ्यांची कोणी बातमी करत नाही.

हेल्मेटचं एकच सांगतो, त्याच 2022 मध्ये देशात हेल्मेट नसलेले 50,029 लोक मेले. बाजाराला जायला हेल्मेट काहून, असं म्हणणाऱ्यासमोर हा आकडा ठेवा.

आता खर्च. ग्रामसभेत "कोट्यवधीचं नुकसान" म्हटलं की लोक जांभया देतात, त्यापेक्षा कोर्टाचा हिशोब फळ्यावर मांडा. समजा 35 वर्षांचा माणूस, महिन्याला 12 हजार कमावतो, घरात बायको, दोन पोरं, आई. वर्षाचे झाले 1,44,000. वय चाळिशीच्या आत अन् पक्की नोकरी नाही तर पुढच्या वाढीचे 40 टक्के धरतात, झाले 2,01,600. खाणारे चार असल्यानं त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग कापतात, उरले 1,51,200. या वयाला गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) 16, म्हणजे 24,19,200 रुपये. वरून अंत्यविधी वगैरेचे थोडे वेगळे. हे गणित सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या सरला वर्मा अन् 2017 च्या प्रणय सेठी निकालातलं आहे, सगळी ट्रिब्युनल (अपघाताचे क्लेम चालवणारी कोर्टं) तेच लावतात. घरकाम करणाऱ्या बाईचीही कमाई धरायची हे कोर्टानं 2021 मध्ये परत स्पष्ट केलं, तेव्हा "ती तर घरीच असायची" म्हणून क्लेम सोडू नका.

पण हे 24 लाख देणार कोण? इन्शुरन्स कंपनी, जर पॉलिसी चालू असेल तर. अन् इथंच आपल्याकडचा सगळ्यात वाईट प्रकार होतो. मजूर ट्रॉलीत बसून निंदणाला चालले, ट्रॉली पलटली. शेतीकामाच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीतली माणसं धरलेली नसतात, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याचंही तेच, कंपनी हात वर करते अन् बोजा मालकावर येतो. मालक म्हणजे कोण, चार एकरवाला शेतकरी. एका घरातला माणूस गेला, दुसऱ्या घराचं वावर विकायला निघालं, अन् दोघंही एकाच गावचे, रोज तोंड पाहणारे!

जखमीचा खर्च तर वेगळाच. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून नागपूर मेडिकलला, अन् सोबतच्या माणसाची मजुरी बुडाली ती कोणत्याच बिलात नाही. वर्ल्ड बँकेनं 2021 मध्ये चार राज्यांचा अभ्यास काढला, त्यात आपलंही होतं, त्यात गरीब घराला एक अपघात सात महिन्यांच्या कमाईहून जास्त महाग पडला, श्रीमंताला एका महिन्याच्याही आत निपटला.

मदतीच्या योजना आहेत, पण सगळ्यांना पोलिसांचा कागद लागते. मे 2025 पासून अपघातानंतर 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे. धडक मारून वाहन पळालं अन् सापडलंच नाही तर मृत्यूला 2 लाख, गंभीर जखमीला 50 हजार, अर्ज एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडं. शेतकरी घरातला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे मृत्यूला 2 लाख वेगळे, ते तालुका कृषी कार्यालयातून. ट्रिब्युनलचा क्लेम कायद्यानं 6 महिन्यांच्या आत टाकायचा अन् राहत्या जिल्ह्यातही टाकता येतो. तेरवी होऊ द्या, मग पाहू, असं करता करता लोक मुदत घालवतात. अन् जखमीला उचलून नेणाऱ्यानं भ्यायचं काम नाही, नाव सांगायची जबरदस्ती पोलीस करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्यात 134 अ कलम आहे.

तर ठराव लिहिण्याआधी ठाण्यातून मागच्या तीन वर्षांचे फाट्यावरचे गुन्हा नंबर काढा, सरळ देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. जे मिटवले त्यांची दवाखान्याची कागदं गोळा करून वेगळी यादी जोडा. नुसतं "गतिरोधक द्यावा" लिहू नका, कट कुठं पाहिजे, लाईट कुठं, वावराचा रस्ता कुठून, ते नकाशावर दाखवा. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असते, ठराव तिकडं द्या अन् पोच घ्या, दुसरी प्रत रस्ता ज्याचा असेल त्याला. तो पीडब्ल्यूडीचा (राज्याचं बांधकाम खातं) का एनएचएआयचा (राष्ट्रीय महामार्गवाले) ते आधी बांधकामच्या जेईला (ज्युनिअर इंजिनिअर) विचारून घ्या, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवत वर्ष काढतात.