मोठ्या टेक कंपनीतले पहिले ३ महिने

नव्या नोकरीबद्दल अभिनंदन! पहिले काही आठवडे सगळं डोक्यावरून जाईल, घाबरू नकोस. लाखो ओळींचा कोड, कंपनीने स्वतःसाठीच बनवलेली टूल्स, जिकडेतिकडे आद्याक्षरांची लघुरूपं. हे अख्खं तिथे कुणालाच येत नसतं.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- अडलास की अर्ध्या तासात विचार. नवे लोक इथेच चुकतात, दोन-दोन दिवस एकटेच झगडत बसतात. विचारताना काय करून पाहिलंस आणि नेमका एरर काय आला, ते लिही. नुसतं ‘चालत नाहीये’ म्हटलं तर समोरच्याला काहीच कळत नाही.

- रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांकडे कोड तपासायला, छोटे बदल पाठव. माझा पहिला बदल ८०० ओळींचा होता. आठवडाभर कुणी उघडलाच नाही. त्याचे ५ तुकडे केले, तर दोन दिवसांत सगळे मंजूर! आणि कॉमेंट्सचा ढीग आला तरी मनाला लावून घेऊ नकोस, त्या कोडवर असतात, तुझ्यावर नाही.

- केलेलं काम दर शुक्रवारी टिपून ठेव. मूल्यमापनाच्या वेळी उपयोगी पडतं.

प्रमोशन, टीम बदलणं, पगारासोबत मिळणाऱ्या शेअर्सचं गणित आत्ता डोक्यात घेऊ नकोस. तुझा पहिला बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांपर्यंत, गेला की मला नक्की कळव, मग पुढचं बोलू.