आजीच्या लुगड्याचं दुपटं पुरं करताना

अगं, तुकडे जोडून झाले म्हणजे अर्धंच काम झालं. विरलेल्या तुकड्यामागे मलमल लाव, नाहीतर पहिल्याच धुण्यात टाक्यापाशी फाटेल. वरचं जोडकाम, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर जमिनीवर सारखे अंथर आणि मधून कडेकडे लांब कच्चे टाके घाल. टाचण्या नकोतच, बाळाच्या अंथरुणात एखादी राहून गेली तर? मग धावदोरा कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत ने, गोधडी शिवतात तसाच. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंता ठरलेला. दर चार-पाच टाक्यांनी कापड बोटांनी मागे सारत जा, म्हणजे चुण्या पडत नाहीत. कडेच्या गोटासाठी नवी साटीन कशाला? लुगड्याचा काठ धड असेल तर तोच लाव. फक्त आधी भिजवून रंग जातो का बघ; लाल काठ फार दगा देतात.