पोहोचला नाही की चिकटला नाही?

कशाभिका (पोहायची शेपटी) नसलेला साल्मोनेला जीवाणू कॅको-२ पेशींत, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या आतड्याच्या पेशींत, कमी शिरला, म्हणून ‘कशाभिका चिकटायला लागते’ असं लगेच लिहू नकोस. ठाण्याहून वाशीची लोकल चुकलेला माणूस ऑफिसात दिसला नाही, तर त्याला दार उघडता येत नाही असं आपण म्हणतो का?

जीवाणूचे दोन स्ट्रेन (वाण) सोबत ठेव. एकात फ्लॅजेलिनची, म्हणजे कशाभिकेच्या प्रथिनाची, फ्लिक (fliC) आणि फ्लजबी (fljB) ही दोन्ही जनुकं काढलेली. एकच काढलंस तर जीवाणू दुसऱ्यावर फ्लॅजेलिन बनवत राहतो, गडी हुशार आहे. दुसऱ्यात कशाभिका फिरवणारं मोटए (motA) हे जनुक बिघडलेलं, म्हणजे कशाभिका आहे पण फिरत नाही. मग प्लेट हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून जीवाणू पेशींवर बसव. दोघांचाही शिरकाव मूळ स्ट्रेनइतका झाला, तर अडचण पोहोचण्याचीच होती.

आणि कल्चर जोरात पिपेट करू नकोस, व्होर्टेक्स तर नकोच, कशाभिका तुटतात. तुर्भ्याच्या एका लॅबमध्ये माझा अख्खा जून त्यात गेला. दर वेळी ०.३ टक्के आगारच्या मऊ जेलीवर हालचाल तपास. पावसाळ्यात इथे प्लेट ओल्या राहतात, वरच्या पाण्यात जीवाणू नुसते वाहत पसरतात आणि ते पोहल्यासारखं दिसतं. प्लेट नीट सुकव.

आयएल-८, म्हणजे पेशीने सोडलेला दाहाचा संकेत, मोजणार असशील तर टीएलआर-५ विसरू नकोस. तो रिसेप्टर फ्लॅजेलिन ओळखतो, त्यामुळे जीवाणू आत न शिरताही पेशी बोंब मारू शकते.

शिगेला या आमांशाच्या जीवाणूला कशाभिका नसते, तरी तो आत घुसतोच. व्हायव्हात हे विचारतात.