नायिकेला थोडं वाईट वागू दे

चि. लेखिकेस, अनेक आशीर्वाद.

तुझं बाड वाचून झालं. नकाशा नेटका आहे, नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या राज्यांचं वैर पटतं, आणि मिठावरच्या जकातीवरून युद्ध पेटतं हे मला फार आवडलं. बहुतेक जण राक्षस उठवल्याशिवाय युद्ध सुरूच करत नाहीत. घोडं अडलंय ते तुझ्या नायिकेपाशी, मृण्मयीपाशी. ती तलवार चालवते, वनस्पती ओळखते, पाच भाषा बोलते, वैऱ्यालाही क्षमा करते, आणि ऐन विशीत तिला स्वतःविषयी एकही शंका नाही. तिसऱ्या प्रकरणात सेनापती तिला पाहतो आणि पान उलटायच्या आत तिच्यावर जीव ओवाळून टाकतो. मग पुढची तीनशे पानं या दोघांनी करायचं काय? तू त्यांना लढाईवर धाडलंस. मी काही त्यांच्याबरोबर गेले नाही.

सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस की फँटसी वाचणाऱ्यांना हल्ली दोष असलेल्या नायिका आणि हळूहळू जुळणारी प्रेमं इतकी का हवी असतात, आणि हे 'स्लो बर्न'चं वेड टिकेल का. दुकानातली लाट ओसरेल, तिची काळजी प्रकाशकांना करू दे. ओढ मात्र जुनी आहे आणि तिचं कारण फँटसीच्या घडणीतच आहे. या जगात मंत्र म्हटला की दार उघडतं, जखम भरते, समुद्र बाजूला सरतो. भविष्यवाणीने राजा ठरतो. एवढं सगळं चुटकीसरशी होत असेल तर वाचक मनाशी विचारतो, मग इथे अवघड काय आहे? अवघड उरतं ते एका माणसाने दुसऱ्यावर विश्वास टाकणं. तिथे मंत्र चालत नाही. वशीकरणाने जुळलेलं मन ही फसवणूक असते, हे लहान पोरालाही कळतं. म्हणून तर इतकी जादू असलेल्या पुस्तकात चाहते जादू सोडतात आणि दोघं शेकोटीपाशी किती अंतर ठेवून बसलीत ते मोजत राहतात. पण विश्वास टाकायला वेळ लागावा असं काही त्या माणसांत असेल तरच तो वेळ खरा वाटतो. दोष आणि संथपणा या तुला वाचकांच्या दोन आवडी वाटतायत. मला ती एकच वाटते.

डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' घे, १९८६चं. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा त्यावरचा २००४चा सिनेमा तू पाहिलाच असशील, पण पुस्तकातली सोफी जास्त खवट आहे आणि मला तीच प्यारी. तीन बहिणींतली ही थोरली. त्या देशात थोरलीने नशीब काढायला निघायचं नसतं, कारण तोंडघशी पडते ती आधी थोरलीच. हे तिने इतकं मनावर घेतलंय की टोप्यांच्या दुकानात मान खाली घालून ती टोप्या सजवत बसते. मग एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते आणि गंमत म्हणजे म्हातारपण तिला मानवतं. तरुण सोफी ज्यांच्यापुढे दबून असायची त्यांना म्हातारी सोफी तोंडावर सुनावते. हाउलच्या वाड्यात घुसून ती स्वतःच स्वतःला मोलकरीण नेमून घेते, घरभर नाक खुपसते, आवराआवरीच्या नावाखाली न्हाणीघरातल्या पुड्या-बाटल्या हलवते. हाउलच्या केसांना नको तो रंग चढतो आणि तो नटवा जादूगार अंगातून हिरवा चिकट लगदा गाळत आकांडतांडव करतो. लगदा पुसायला अर्थात सोफीच. प्रेमकथेची ही सुरुवात!

आता खरी मेख. म्हातारीच्या आत एक मुलगी आहे हे हाउलच्या केव्हाच लक्षात आलेलं असतं. गुपचूप तो शाप उतरवायचा प्रयत्नही करतो आणि शाप हलत नाही. शेवटी तो म्हणतो की हिला हे सोंगच आवडत असावं. सोफीच्या बोलण्यात जादू आहे, ती ज्या वस्तूशी बोलते तिच्यात जीव येतो, आणि 'आपल्याच्याने काही व्हायचं नाही' हे ती जन्मभर स्वतःशी बोलत आलीय. शापाची गाठ तिनेच धरून ठेवलीय. इतका मोठा जादूगार, पण तिने हात सैल करेपर्यंत त्याला थांबावंच लागतं. एका जागी दोष, जादू आणि प्रेम असे अडकलेले मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलेत. शेवटी भोवती सगळ्यांचा गलबला चालू असताना ही दोघं हात धरून हसत उभी असतात. चाहत्यांना तेवढं पुरलं.

उर्सुला ले ग्विनची तेनार याहून काळोखी. 'द टूम्स ऑफ अटुआन' (१९७१) मध्ये ती लहानपणीच घरातून उचलून थडग्यांची पुजारीण केलेली मुलगी आहे. हाती पहिला खरा अधिकार येतो तेव्हा ती तीन कैद्यांना अंधारात उपाशी मारायचा हुकूम देते. पुढे ते तिला स्वप्नात छळतात, पण हुकूम तिचाच. त्यामुळे भुयारात शिरलेला जादूगार गेड जेव्हा तिच्या तावडीत सापडतो आणि ती लोखंडी दार लावून त्याला आत कोंडते, तेव्हा आपल्याला ठाऊक असतं की ही याला खरंच मरू देईल. तिने आधी दिलंय. म्हणून पुढे ती त्याला पाणी देते तेव्हा आपला जीव भांड्यात पडतो. मृण्मयीने दिलं असतं तर आपण न थबकता पान उलटलं असतं. बाहेर पडल्यावरसुद्धा तेनार एकदा सुरी घेऊन त्याच्यावर येते. पुस्तक संपतं आणि प्रेमाचं नाव कुणी काढत नाही.

त्यानंतर १९ वर्षं. 'तेहानू' १९९०मध्ये आलं. तेनार आता शेतकऱ्याची विधवा, मुलं मोठी झालेली, पदरात एक भाजलेली पोर. गेड परततो तो सगळी विद्या गमावून, शरमेने तोंड लपवत, आणि डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो. ती दोघं जवळ येतात ती त्याच्यापाशी एकही मंत्र उरला नसताना. काही जुन्या चाहत्यांना हे पुस्तक पचलं नाही. त्यांना पराक्रमी जादूगार परत हवा होता, मुलगा स्वतःचं ताट धुवत नाही म्हणून धुमसणारी प्रौढ बाई नको होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुलाही ऐकावं लागेल: नायक संतापी असला तर तो रांगडा, नायिका संतापी असली तर तिचं डोकं फिरलंय. लिहिताना या बोलण्याकडे काणाडोळा कर.

मेगन व्हॅलन टर्नरच्या 'द क्वीन ऑफ अटोलिया'बद्दल (२०००) फार लिहीत नाही, शेवट फुटेल. एवढंच सांगते की राणी तावडीत सापडलेल्या चोराचा उजवा हात तोडवते, आणि ती प्रेमकथा त्याच चोराची आणि राणीची आहे. हात काही परत उगवत नाही. वाच आणि मला कळव.

आपल्याकडे? 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या चाळल्यास तर तुझ्या मृण्मयीच्या पणज्या भेटतील. संकटं सगळी बाहेरून येतात आणि नायिका जशी गेली तशीच सोज्वळ परतते. पण त्याच्या कितीतरी आधी महाभारताच्या आदिपर्वात देवयानी बसलेली आहे. संजीवनी विद्या शिकायला आलेला कच हजार वर्षांचं व्रत घेऊन राहतो, दैत्य त्याला पुन्हा पुन्हा मारतात, आणि देवयानी दर वेळी बापापुढे हट्ट धरून त्याला जिवंत करवते. पहिल्यांदा मारतात तेव्हाच पाचशे वर्षं उलटलेली असतात, त्यामुळे संथ प्रेमाचा विक्रम आपल्याच नावावर आहे. शेवटी कच म्हणतो, मी तुझ्या बापाच्या पोटातून बाहेर आलो, तू माझी बहीण. ती शाप देते, तोही देतो. पुढे कपड्यांच्या अदलाबदलीवरून भांडण होतं, शर्मिष्ठा तिला विहिरीत ढकलते, आणि बाहेर निघाल्यावर देवयानी त्या राजकन्येला आपली दासी करून घेतल्याशिवाय गप्प बसत नाही. खाडिलकरांना १९१३मध्ये 'विद्याहरण' लिहावंसं वाटलं, खांडेकरांना १९५९मध्ये 'ययाति'. सरळमार्गी, गोड मुलीवर कोण इतक्यांदा परतून आलं असतं? तिचा मानी स्वभाव प्रत्येक पिढीला नव्याने टोचतो, आणि तिच्याशी भांडता भांडता माणसं तिची बाजू घेऊ लागतात.

आता तुझ्या बाडाकडे. 'दोष घाल' म्हटल्यावर बहुतेक जण नायिकेला धांदरट करतात. ती अडखळते, पोहे करपवते, चिडली की नाकाचा शेंडा लाल होतो. असले दोष म्हणजे गालावरचा तीळ. दोष असा हवा की त्यापायी दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान व्हावं आणि तो नायिकेला स्वतःला गुण वाटत असावा.

तुला तो शोधायला लांब जायला नको. पाचव्या प्रकरणात मृण्मयी भावाला आलेलं पत्र 'त्याच्या भल्यासाठी' लपवते. तिथे तू चार ओळी तिच्या शहाणपणाचं कौतुक केलंयस. आठव्यात तो भाऊ मदतीची वाट पाहत मारला जातो, आणि कुमक येणार नाही हे त्या पत्रातच लिहिलेलं होतं. तू हे दोन धागे जोडलेच नाहीस! तुझी नायिका सगळ्यांच्या वतीने निर्णय घेते, पहिल्या पानापासून. धाकट्या बहिणीचं लग्न, गावाचं धान्य, सेनापतीचा मोर्चा. हा तिचा खरा दोष, आणि तो तुझ्या हातून आपसूक उतरलाय. तू फक्त त्यावर पांघरूण घालणं थांबव.

मग नववं प्रकरण बघ. सध्या ती सेनापतीच्या दंडाला पट्टी बांधते, नजरानजर होते, चांदणं पडतं. समज त्याला त्या पत्राचं त्याच संध्याकाळी कळलंय. तो ओरडत नाही. ती पट्टी घेऊन येते, तो ती तिच्या हातातून काढून घेतो आणि एक टोक दातांत धरून स्वतःच बांधतो. गाठ वेडीवाकडी बसते. तिला दिसतंय, सोडून नीट बांधावीशी वाटतेय, आणि पहिल्यांदाच ती विचारल्याशिवाय हात पुढे करत नाही. तिथे प्रकरण तोड. यानंतर बाराव्यात त्याने तिला एखादा साधा प्रश्न विचारला तरी वाचक सरसावून बसेल. अठराव्यात त्याने न बोलता दंड पुढे केला, तर तुला चुंबन लिहायची गरजसुद्धा पडणार नाही. लिहायचं असेल तर लिही, मी काही सोवळी नाही.

आणि संथ म्हणजे ताणलेलं नव्हे. रोज रात्री साडेआठला कुणाचं तरी पत्र चुकीच्या हाती पडून सहा महिने लग्न लांबतं, तो प्रकार मालिकांना लखलाभ. दोन वाक्यं बोलून मिटेल असा गैरसमज असेल तर वाचक चिडतो आणि बरोबर करतो. दर भेटीनंतर दोघांपैकी एकाला दुसऱ्याबद्दल काहीतरी नवं कळलेलं असायला हवं, मग ते अप्रिय का असेना. मागच्या भेटीत होती तिथेच ती राहिली असतील तर ती भेट बाडातून काढ, कितीही सुंदर लिहिली असलीस तरी. सातव्या प्रकरणातला नौकाविहार असाच आहे. तो जाऊ दे.

पुढचा खर्डा दिवाळीनंतर पाठव, आधी नको. मला दिवाळी अंकांची कामं आहेत. पानांना क्रमांक घाल. नवव्यातलं चांदणं तेवढं पुसून टाक, त्या रात्री अमावास्या आहे असं तूच आठव्यात लिहिलंयस.

— बाई