माहेरातलं घर

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. एका वाचक ताईंचे यजमान दर डिसेंबरात नाशिकला निघताना 'मी माहेरी चाललो' असं म्हणतात. ताई विचारतात, पुरुषाला माहेर असतं का? नसेल तर त्यानं काय म्हणावं?

यजमानांचं बघू, पण आधी दुसरं एक सांगू द्या, कारण हा शब्द निघाला की मला राहवत नाही. 'खड्ड्यांचं माहेरघर', 'डासांचं माहेरघर', 'गुन्हेगारीचं माहेरघर' हे रोज कानावर येतं आणि रोज त्रास होतो. डास त्या डबक्यातून कुठं नांदायला गेले होते? जिथून निघावं लागतं आणि जिथं मोजक्या दिवसांसाठी परत येता येतं, ते माहेर. एखादी गोष्ट जिथं नुसती भरपूर असते, त्या जागेला आगर म्हणावं, कोठार म्हणावं, वाईट असेल तर अड्डा म्हणावं. एवढे शब्द हाताशी असताना माहेर का नासवायचं?

शुद्धलेखनवाल्यांचा आक्षेप वेगळाच असतो. त्यांचं म्हणणं, माहेर या शब्दात घर आधीच आहे, मग 'माहेरघर' म्हणजे घराचं घर, म्हणून चूक. हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. पाव म्हणजे पोर्तुगिजांची रोटीच, तरी आपण पावरोटी म्हणतो. आतला शब्द ओळखू येईनासा झाला की भाषा तो पुन्हा जोडते. पण माहेरात घर आहे, ही त्यांची माहिती मात्र खरी आहे, आणि ते कसं आहे हेच सगळ्यात सुंदर आहे.

मातृगृह. प्राकृतात माइहर. दोन स्वरांमधला घ मऊ होऊन ह झाला, जसा मेघाचा मेह झाला. मग 'माइ'मधली इ ह ओलांडून पुढं गेली, अ ला मिळाली आणि ए झाली. माहेर. आता घरातल्या देव्हाऱ्याकडे बघा. देवगृह, देवहर, देव्हारा. हाच ह, हेच घर. म्हणजे माहेर आणि देव्हारा एकाच साच्यातून निघालेले. एकात आई, दुसऱ्यात देव. पुढं देव्हाऱ्यातलं घर ओळखू येईना, तेव्हा त्याच दोन शब्दांपासून मराठीनं 'देवघर' नव्यानं घडवलं. आज देवघरात देव्हारा असतो आणि कुणी त्याला द्विरुक्ती म्हणत नाही.

दुसरा साचा कुलाचा. देवकुल म्हणजे देऊळ, राजकुल म्हणजे राऊळ, आणि आज्याचं कुळ म्हणजे आजोळ. इथं क गळला. देऊळ आणि देव्हारा, आजोळ आणि माहेर अशी जोडी लावून पाहा. मुलांचं आजोळ आणि त्यांच्या आईचं माहेर ही एकच वास्तू, एकच उंबरा. पण नातू त्यात कुळ बघतो आणि लेक घर बघते.

शेजारीपाजारी काय म्हणतात तेही बघण्यासारखं आहे. गुजरातीत पियर, राजस्थानीत पीहर, दोन्ही पितृगृह. गोव्यात कोंकणी बाई कुळारा जाते, तिथं कुळ पुढं. तेलुगूत पुट्टिल्लु म्हणजे जन्मघर. हिंदीच्या मायक्यात आई आहे, पण घर नाही. मराठीनं आई आणि घर दोन्ही ठेवलं. सातबारा बापाच्या नावावर असेल, पण लेकीच्या तोंडी ती जागा आईची. हा शब्द बायकांनीच बोलून बोलून घडवला, असं मी ठामपणे मानतो.

म्हणूनच 'सासर' श्वशुरगृहावरून आला असं जे सांगतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. तसं असतं तर ह कुठं गेला? माहेरात टिकला, देव्हाऱ्यात टिकला, मग सासरातूनच कसा पुसला गेला? 'सासुरवास' आणि 'सासुरवाशीण' यांत जुना 'सासुर' अजून जिवंत आहे, आणि त्याचा अर्थ नुसतं 'सासऱ्याचं' एवढाच. माझ्या मते सासर या शब्दात घर कधी नव्हतंच.

माझी आत्या दरवर्षी गौरींना साताऱ्याला यायची. गौरही माहेरवाशीणच. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठेवर जेवते, मूळ नक्षत्रावर निघते. तीन दिवस, चौथा नाही. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, कारण चालून दमून आलेल्या लेकीला आधी तेच द्यायचं. पुढं आमचा वाडा पाडला आणि तिथं इमारत उभी राहिली. त्या वर्षी आत्या आली, खालच्या पार्किंगमध्ये शिरली आणि एका जागी तिनं नेहमीसारखा पाय उंच उचलून पुढं टाकला. तिथं पूर्वी उंबरा होता. घर पडलं असं आपण म्हणतो; माहेर पडत नाही, ते तुटतं. आत्याचं तुटलं नव्हतं.

हां, यजमान. त्यांनी खुशाल माहेर म्हणावं. एकनाथांनी 16व्या शतकात 'माझे माहेर पंढरी' म्हटलं, आणि आजही मिशीवाले वारकरी ते गात चालतात. पुरुषाचं नेहमीचं 'घर' किंवा 'गाव' इथं पुरत नाही, कारण घर तर न्यू जर्सीलाही आहे. यजमानांची परतीची तारीख तिकिटावर छापलेली असते, आई दारात उभी असते, डबे भरून दिले जातात. माहेराला आणखी काय लागतं?

आणि त्यांना न्यायला मुंबईच्या विमानतळावर भाऊ येत असेल, तर त्याला मुराळी म्हणा. सासरहून लेकीला आणायला जाणाऱ्या माणसाचा हा शब्द. गेल्या कित्येक वर्षांत मी तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.