सेशेल्सला शिडाच्या बोटीने निघालेल्यांचे प्रश्न

आठवडाभर बोट भाड्याने घेऊन सेशेल्सची बेटं फिरायची, असं ठरवून मला लिहिणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न बहुधा तेच असतात, आणि येतात पैसे भरून झाल्यावर. म्हणून इथे एकत्र उत्तरं.

एजंट म्हणतो, वर्षभर हवा छानच असते. खरं का?

हॉटेलच्या खोलीपुरतं खरं. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. माहे आणि प्रास्लिन या तिथल्या बेटांमधला समुद्र जून ते ऑगस्टमध्ये चांगलाच उसळतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस. मुलांसह पहिल्यांदा जाताना एप्रिल किंवा नोव्हेंबर बघा. शाळेला सुट्टी लागली की लगेच निघा, मेअखेरीची वाट पाहू नका.

मांडव्याला दोनदा शिडाची बोट चालवली आहे. स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, न घेता जमेल का?

नाही. स्किपर घ्या.

मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का?

सेशेल्समध्ये मलेरिया नाही. डेंग्यू मात्र आहे आणि तो डास दिवसा चावतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर यलो फीव्हरची लस घेतल्याच्या दाखल्याचं ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये आत्ताच विचारा. लशीनंतर १० दिवस गेल्याशिवाय दाखला ग्राह्य धरत नाहीत.

चार वर्षांच्या मुलीला गाडी लागते. शेजारी म्हणतात, मोठ्यांची अर्धी गोळी द्या.

देऊ नका. मुलांचं औषध वय आणि वजन बघून ठरतं. दोन वर्षांखालच्यांना तर प्रोमेथाझिन हे उलटीचं औषध देतच नाहीत. बालरोगतज्ज्ञांना भेटा. औषध निघण्याआधी द्यायचं असतं, उलट्या सुरू झाल्यावर नाही. तिला खालच्या केबिनमध्ये निजवू नका. डेकवर सावलीत बसवून क्षितिजाकडे बघायला लावा.

मुलगा पाच वर्षांचा, पोहता येतं. दंडाला लावायचे फुगे घेतलेत. पुरतील ना?

नाही पुरणार. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ते फुगे खेळणं आहेत. पाकिटावर बारीक अक्षरांत बहुतेकदा तसं लिहिलेलंही असतं, आणि दुकानदार तेच 'सेफ्टी'च्या नावाने विकतो. फुगा दंडावरून निसटतो. राहिला तरी तोंड पाण्याबाहेर राहीलच असं नाही. चांगलं लाइफ जॅकेट मुलाला उताणं करून तोंड वर ठेवतं. लहानांसाठी १०० न्यूटनचं (हे तरंगवण्याच्या जोराचं माप), मानेमागे कॉलर असलेलं, दोन पायांमधून पट्टा जाणारं घ्या. तो पट्टा नसेल तर वर ओढताना जॅकेट हातात येतं आणि मूल खाली सरकतं. माप वजनावरून. पुढची दोन वर्षं चालेल असा युनिफॉर्मचा हिशोब इथे नको.

बोटीवर मुलांच्या मापाचं असेलच असं धरू नका. कंपनीला वजन कळवून लेखी उत्तर मागा, नाहीतर फोमचं जॅकेट इथूनच न्या. आधी पोहण्याच्या तलावात घालून बघा. आणि पोहता येण्याचं म्हणाल, तर तलावाला लाटा नसतात, प्रवाह नसतो. बुडणारं मूल हाकही मारत नाही. नांगर टाकलेल्या, शांत उभ्या बोटीवरून एक मूल पडलेलं मी पाहिलं आहे. चार माणसं जेवत होती, कोणालाच कळलं नाही. जॅकेट होतं म्हणून ते वाचलं. केबिनबाहेर पाऊल पडलं की जॅकेट, नांगर टाकलेला असला तरी.

टाकीतलं पाणी पिऊ शकतो का?

ते धुण्याअंघोळीला. पिण्याचं विकत घ्या.

प्रवास विमा एजंटनेच काढून दिला आहे.

शिडाच्या बोटीवरचा मुक्काम त्यातून वगळलेला नाही ना, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.